मेल उघडतो, पण आत पांढरा चौकोन: थंडरबर्डमध्ये एचटीएमएल मेल नीट दिसावा म्हणून

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचा फोन आला. "अरे, बिलाचा मेल आलाय, पण आत काहीच नाही. नुसता कोरा." खाली जाऊन पाहिलं. काकांच्या संगणकावर थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्रॅम होता आणि त्यांच्या भाच्यानं तो मागच्याच आठवड्यात 'सुरक्षित' करून दिला होता. एचटीएमएल मेल, म्हणजे वेब पानासारखे सजवलेले मेल, धोकादायक असतात असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून सगळं साध्या मजकुरावर नेऊन ठेवलं होतं. बिल पाठवणाऱ्या कंपनीनं अख्खा मेल म्हणजे एकच मोठं चित्र करून पाठवलेला. साध्या मजकुरात चित्र कुठून दिसणार? दुसरा एक मेल काकांच्या जुन्या मित्राचा, मराठीतला. तो उघडला तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी. तिसऱ्यात मराठी होतं, पण मुंगीएवढं.

तीन मेल, तीन तक्रारी, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं. भाच्यानं मात्र एकच कळ दाबली होती. 'एचटीएमएल चालू की बंद' असा एकच प्रश्न मुळात नसतोच. मेलचा सांगाडा कसा दाखवायचा, बाहेरच्या सर्व्हरवरून चित्रं आणायची का, आणि अक्षरं कुठल्या फाँटमध्ये, किती मोठी, कुठल्या रंगात उमटवायची, या तीन बाबी वेगळ्या आहेत. त्यांच्या सेटिंग्जही थंडरबर्डमध्ये तीन वेगळ्या ठिकाणी आहेत. एक बिघडली म्हणून दुसरी फिरवत बसलात तर दिवस जातो.

इथलं सगळं थंडरबर्डच्या 115 व्या आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना धरून आहे. 2023 मध्ये आलेल्या या आवृत्तीनं चेहरामोहरा बराच बदलला, त्यामुळे त्याआधीची आवृत्ती वापरत असाल तर मेनू थोडे इकडेतिकडे सापडतील. मेनूंची नावं इंग्रजीत दिसतात तशीच देवनागरीत देतो.

आधी मेलच्या आत डोकावू

आपण ज्याला एक मेल म्हणतो ती बऱ्याचदा दोन पत्रं असलेली एकच पिशवी असते. एक पत्र साधं, नुसत्या अक्षरांचं. दुसरं एचटीएमएलमधलं, सजवलेलं. मजकूर दोन्हींत तोच असावा अशी अपेक्षा असते. ही व्यवस्था माइम नावाच्या मानकातून आली. ते 1992 मध्ये आलं आणि 1996 मध्ये सुधारून पुन्हा लिहिलं गेलं. नियम असा की साधं रूप आधी ठेवायचं आणि सजवलेलं शेवटी. वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं शेवटाकडून बघत यायचं आणि आपल्याला समजणारं पहिलं रूप दाखवायचं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कोणताही मेल उघडून कंट्रोल आणि यू एकत्र दाबा. मेलचा कच्चा मजकूर वेगळ्या खिडकीत उघडेल. मराठी मेल असेल तर घाबरू नका, तिथं मराठी बहुधा दिसणार नाही. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. मेलमध्ये पाठवताना अनेकदा प्रत्येक बाइट बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे दोन अक्षरं अशा रूपात लिहिला जातो. म्हणजे एकटा 'म' तिथं नऊ चिन्हांचा होतो. 'मराठी'मध्ये म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणून पंचेचाळीस. ते वाचायचं नसतं. वरून खाली सरकत जा आणि 'कंटेंट-टाइप' हे शब्द किती वेळा येतात ते मोजा. 'टेक्स्ट/प्लेन' आणि 'टेक्स्ट/एचटीएमएल' असे दोन्ही सापडले तर पिशवीत दोन पत्रं आहेत. फक्त एचटीएमएल सापडलं तर साध्या मजकुराचं रूप थंडरबर्डला स्वतः तयार करावं लागतं.

काही पाठवणारे साध्या पत्राच्या जागी 'तुमच्या प्रोग्रॅमला एचटीएमएल दिसत नाही' एवढंच एक वाक्य टाकतात. मग साधा मजकूर निवडलेल्या माणसाला अख्ख्या मेलऐवजी तेवढंच वाक्य दिसतं. दोष पाठवणाऱ्याचा, त्रास वाचणाऱ्याला.

सांगाडा: 'मेसेज बॉडी ॲज'

विंडोज किंवा लिनक्सवर मेनूपट्टी दिसत नसेल तर ऑल्ट दाबा, वर फाइल, एडिट, व्ह्यू ही ओळ उमटेल. मॅकवर ती पडद्याच्या माथ्यावर असतेच. 'व्ह्यू' उघडा आणि त्यात 'मेसेज बॉडी ॲज'वर जा. इथं तीन पर्याय आहेत. निवडल्याक्षणी समोरचा मेल बदलतो, जतन करण्याचं वेगळं बटण नाही.

'ओरिजिनल एचटीएमएल' म्हणजे पाठवणाऱ्यानं केलेली मांडणी, रंग, तक्ते, फाँट, सगळं जसंच्या तसं. त्यातली जावास्क्रिप्ट मात्र चालत नाही. वेब पानावर चालते तशी ती थंडरबर्ड मेलमध्ये चालू देत नाही. 'एचटीएमएल मेल उघडला की व्हायरस शिरतो' ही भीती मनात असेल तर एवढं लक्षात ठेवा.

'सिम्पल एचटीएमएल' हा मधला रस्ता. ठळक अक्षरं, मथळे, याद्या, लिंक राहतात. पार्श्वभूमीचे रंग, नखरेल मांडणी, पाठवणाऱ्याचे फाँट निघून जातात. बाहेरची चित्रंही येत नाहीत. जाहिरातींच्या मेलमधला कलकलाट यानं झटकन उतरतो. पण तीन-चार रकान्यांत मांडलेलं हिशेबाचं पत्रक असेल तर त्याची रचना विस्कटू शकते.

'प्लेन टेक्स्ट' निवडलं की पिशवीतलं साधं पत्र दिसतं. ते नसेल तर थंडरबर्ड एचटीएमएलमधून अक्षरं गाळून घेतो. अशा वेळी लिंकचा खरा पत्ता बहुतेकदा शब्दांशेजारी कोनी कंसात दिसतो. 'इथे क्लिक करा' या गोड शब्दांमागे नेमकं काय लपलंय ते त्यामुळे कळतं. म्हणूनच मी साधा मजकूर ही रोजची सेटिंग म्हणून वापरत नाही, भिंगासारखी वापरतो. संशयास्पद मेल आला की त्यावर जातो, बघतो, परत येतो.

हा पर्याय सगळ्या खात्यांना आणि सगळ्या फोल्डरना एकदमच लागू होतो. एका फोल्डरला साधा आणि दुसऱ्याला सजवलेला अशी वाटणी इथून करता येत नाही. म्हणून तपासणी झाली की परत 'ओरिजिनल'वर यायला विसरू नका. काकांचा भाचा नेमकं हेच विसरला होता. जंक ठरवलेला मेल थंडरबर्ड मुळातच सौम्य रूपात दाखवतो, तेव्हा जंक फोल्डरमधला मेल ओकाबोका दिसला तर ते बिघाडाचं लक्षण नाही.

त्याच 'व्ह्यू' मेनूत 'डिस्प्ले अटॅचमेंट्स इनलाइन' असा एक पर्याय आहे. मेलला जोडलेले फोटो मजकुराखाली उघडून दाखवायचे की नुसती नावं दाखवायची, एवढंच तो ठरवतो. हळदीकुंकवाचे पन्नास फोटो एकाच मेलमध्ये आले आणि संगणक दमला, तर तो काढून टाका.

बाहेरची चित्रं

मेलमधलं चित्र दोन प्रकारांनी येतं. एक, ते मेलच्याच पिशवीत बरोबर येतं. कुणी मेल लिहिताना मध्येच फोटो चिकटवला तर तो असा असतो, आणि 'ओरिजिनल'मध्ये तो अडवला जात नाही. दुसरं, मेलमध्ये फक्त पत्ता असतो आणि मेल उघडताना प्रोग्रॅम त्या पत्त्यावरच्या सर्व्हरकडून चित्र मागवतो. थंडरबर्डच्या भाषेत याचं नाव 'रिमोट कंटेंट'. हा दुसरा प्रकार थंडरबर्ड मुळातच अडवून ठेवतो.

अडवायचं कारण चित्रापेक्षा पत्त्यात आहे. समजा एखाद्या दुकानानं दहा हजार लोकांना एकच जाहिरात पाठवली. प्रत्येक मेलमधल्या चित्राच्या पत्त्यात शेवटी वेगळा आकडा घातलेला असतो. तुम्ही मेल उघडला, चित्र मागवलं गेलं, की सर्व्हरला कळतं की अमुक आकड्याच्या माणसानं अमुक मिनिटाला, अमुक आयपी पत्त्यावरून मेल पाहिला. बऱ्याचदा हे चित्र एक पिक्सेल रुंद आणि एक पिक्सेल उंच असतं, पूर्ण पारदर्शक. डोळ्यांना काही दिसणारच नाही. कंट्रोल-यू दाबून शोधलंत तर चित्राच्या टॅगमध्ये रुंदी एक, उंची एक असं लिहिलेलं सापडेल. मेल वाचल्याची पोचपावती मागितली तर थंडरबर्डला आधी तुम्हाला विचारायला लावता येतं. हा ठिपका कुणालाच विचारत नाही.

अडवलेलं काही असेल तर मेलच्या वर एक पट्टी येते: तुमच्या खासगीपणासाठी बाहेरचा मजकूर थांबवला आहे, अशा अर्थाची. तिच्या उजव्या टोकाला 'ऑप्शन्स' बटण असतं (लिनक्स आणि मॅकवर 'प्रेफरन्सेस'). ते दाबलं की यादी उघडते.

पहिला पर्याय 'शो रिमोट कंटेंट इन धिस मेसेज', म्हणजे त्या एका मेलपुरती परवानगी. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

त्याखाली 'अलाऊ रिमोट कंटेंट फ्रॉम' अशा ओळी येतात, कुठं पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता, कुठं चित्रं ठेवलेल्या संकेतस्थळाचा. इथं थांबून वाचा. संकेतस्थळाला परवानगी दिली तर तिथून चित्रं आणणारा कुणाचाही मेल उघडपणे चित्रं दाखवेल. खूपशा कंपन्या स्वतः मेल पाठवत नाहीत, मेल पाठवण्याचा धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडे काम सोपवतात, आणि चित्रं त्यांच्या सर्व्हरवर असतात. वीजबिलासाठी दार उघडलं आणि त्याच दारातून गादीवाल्याची जाहिरातही आत आली, असं होतं. म्हणून संकेतस्थळाऐवजी पाठवणाऱ्याच्या पत्त्याला परवानगी देणं मला पटतं. त्यालाही एक भोक आहे. 'फ्रॉम'मधला पत्ता खोटा घालता येतो. पण तसं झालं तरी फार तर 'मेल उघडला' एवढंच समोरच्याला कळेल. बिल दिसण्यासाठी एवढी किंमत मला चालते.

दिलेल्या परवानग्या कधीतरी उघडून बघाव्यात. 'सेटिंग्ज'मध्ये जा, डावीकडे 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' निवडा. वरच 'अलाऊ रिमोट कंटेंट इन मेसेजेस' अशी चौकट दिसेल. ती रिकामीच राहू द्या. खूण केलीत की सगळ्यांनाच दार उघडं. तिच्या शेजारच्या 'एक्सेप्शन्स' बटणात आजवर कुणाकुणाला सूट दिली त्याची यादी आहे. नको ते नाव निवडून काढा, हवं ते पत्ता टाइप करून 'अलाऊ' करा. काकांच्या यादीत एकच नाव टाकलं, बिलाच्या पत्त्याचं. 'मेसेज बॉडी ॲज' परत 'ओरिजिनल'वर आणलं आणि बिल दिसलं.

पट्टीही नाही, चित्रंही नाहीत, असं दिसलं तर बहुधा 'सिम्पल' किंवा 'प्लेन'मध्ये आहात. सांगाडाच चित्र मागत नसेल तर अडवायचं तरी काय? आधी 'व्ह्यू' मेनू बघा, मग परवानग्या.

मराठी वाचकाला खरा छळ होतो तो फाँटचा

काकांच्या मित्राच्या मेलकडे वळू. मराठीऐवजी भलतंच दिसतं तेव्हा कारण तीनपैकी एक असतं, आणि नीट बघितलं तर कोणतं ते लगेच ओळखता येतं.

नुसते रिकामे चौकोन दिसत असतील तर संगणकावर देवनागरी फाँटच नाही. विंडोजवर निर्मला किंवा त्याआधीचा मंगल असतोच, म्हणून ही वेळ तिथं क्वचित येते. नुकत्याच बसवलेल्या लिनक्सवर येऊ शकते. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी बसवा आणि थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडा.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि त्याला चिकटून चार टोकांचा छोटा गोल अशी जोडी पुन्हापुन्हा येत असेल, तर मजकूर यूटीएफ-8 मधलाच आहे. फक्त मेलनं स्वतःबद्दल चुकीची माहिती सांगितली आहे, आणि थंडरबर्ड प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन बाइट तीन वेगळी युरोपीय अक्षरं म्हणून दाखवतोय. देवनागरीच्या बहुतेक चिन्हांचे पहिले दोन बाइट सारखेच असल्यामुळे ती जोडी सारखी समोर येते. यावर 'व्ह्यू' मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' आहे. दाबा. बरेचदा पडद्यावर लगेच मराठी उमटतं.

तिसरं कारण जुनं आणि अस्सल मराठी आहे. शिवाजी, श्री-लिपी अशा फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर. यात 'क' या अक्षराचा संकेत साठवलेला नसतोच. कुठलंतरी इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं, आणि फाँट त्या जागी मराठी आकार काढतो. फाँट काढून घेतला की खाली इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं उरतात. इथं 'रिपेअर' दाबून काहीच होणार नाही, कारण दुरुस्त करण्यासारखं काही मोडलेलंच नाही.

असा मजकूर वाचायला तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: तो फाँट तुमच्या संगणकावर हवा, 'मेसेज बॉडी ॲज' 'ओरिजिनल'वर हवं, आणि मेलला स्वतःचा फाँट वापरायची मुभा हवी. कोणता फाँट हवा हे मेलच्या एचटीएमएलमध्येच लिहिलेलं असतं. 'सिम्पल' किंवा 'प्लेन'मध्ये ती माहितीच गळून पडते, मग फाँट बसवलेला असूनही उपयोग नाही. भाच्यानं केलेल्या सुरक्षेचा फटका काकांच्या मित्राला बसला तो असा. आमच्या पिढीच्या कित्येक निवृत्त मंडळींचे, जुन्या छापखान्यांचे, लहान मासिकांच्या कार्यालयांचे मेल अजून याच फाँटमध्ये येतात. त्यांना युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत, लिहायला शिकवणं हा खरा उपाय. तो थंडरबर्डच्या सेटिंग्जमध्ये नाही, चहाच्या टेबलावर आहे.

आता फाँटची खिडकी. 'सेटिंग्ज', 'जनरल', आणि खाली सरकून 'लँग्वेज अँड अपिअरन्स'. तिथं फाँट आणि आकार निवडायची जागा दिसते, पण ती वरवरची आहे. शेजारचं 'ॲडव्हान्स्ड' बटण दाबा. उघडलेल्या चौकटीत अगदी वर 'फाँट्स फॉर' अशी यादी आहे, आणि लोक चुकतात ते नेमके इथं. यादीत बहुधा 'लॅटिन' निवडलेलं असतं. आपण हौसेनं फाँट बदलतो, आकार अठरा करतो, ओके म्हणतो आणि मराठी मेल होता तसाच राहतो. बदल इंग्रजीपुरता झालेला असतो.

म्हणून यादीतून आधी 'देवनागरी' निवडा. 'सेरिफ', 'सान्स-सेरिफ', 'मोनोस्पेस' या तिन्ही जागी आपल्या पसंतीचा देवनागरी फाँट घाला. मी विंडोजवर निर्मला ठेवतो. मुक्ता बसवला तर तोही पडद्यावर सुटसुटीत वाचता येतो. मग यादीतून 'अदर रायटिंग सिस्टिम्स' निवडून तिथंही आकार तेच ठेवा, कारण यूटीएफ-8 मेलचा आकार अनेकदा तिथून उचलला जातो. शेवटी 'लॅटिन'चे आकारही जुळवा. तीन ठिकाणी तेच ते करणं कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं असतं.

मुंगीएवढ्या मराठीचं मूळ याच चौकटीत आहे. साध्या मजकुराचे मेल थंडरबर्ड टंकलेखन यंत्राच्या धाटणीच्या, समान रुंदीच्या फाँटमध्ये दाखवतो, आणि त्या फाँटचा आकार नेहमीच्या फाँटपेक्षा लहान ठेवलेला असतो: नेहमीचा 16, तर हा 13 च्या आसपास. इंग्रजीला ते चालून जातं. देवनागरीत मात्र शिरोरेघेच्या वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार आणि पायमोडकी जोडाक्षरं, सगळं तेवढ्याच उंचीत कोंबावं लागतं आणि 'ष्ट्य' वाचताना चष्मा पुसावा लागतो. उपाय दोन: 'मोनोस्पेस'चा आकारही 16 करा, किंवा खालची 'यूज फिक्स्ड विड्थ फाँट फॉर प्लेन टेक्स्ट मेसेजेस' ही खूण काढा. मराठीत समान रुंदीचं तसंही काही साधत नाही. प्रोग्रॅमर असाल आणि मेलमध्ये कोडच्या ओळी येत असतील तर खूण राहू द्या.

तिच्याच जवळ 'अलाऊ मेसेजेस टू यूज अदर फाँट्स' आहे. जुन्या फाँटच्या मेलसाठी ही खूण हवीच. तसे मेल येत नसतील आणि जाहिरातींचे नाचरे फाँट नको असतील तर काढून बघा. सगळे मेल एकाच शांत अक्षरात दिसू लागतील. 'मिनिमम फाँट साइज'ही तिथंच आहे. ज्येष्ठांसाठी मी तिथं 14 ठेवतो. त्याहून वर गेलं की मेलमधले तक्ते ताणले जातात.

एखाद्याच मेलसाठी एवढं करायचं नसेल तर कंट्रोल आणि अधिक चिन्ह दाबून मोठा करा, कंट्रोल आणि शून्यानं मूळ आकारावर या.

रंग आणि अंधार

'लँग्वेज अँड अपिअरन्स'मधलंच 'कलर्स' बटण दाबलं की मेलमधल्या रंगांवर आपले रंग लादायचे का, असा प्रश्न समोर येतो. 'ऑलवेज' निवडलं की सगळे मेल काळ्या-पांढऱ्यात शिस्तीनं बसतात, पण तक्त्यांचे रंगीत रकाने पुसले जातात आणि पांढऱ्या अक्षरांची रंगीत बटणं ओळखू येत नाहीत. नजर अधू असेल तर हा पर्याय मोलाचा आहे. एरवी हात लावू नका.

डार्क थीम वापरणाऱ्यांचा जुना वैताग असा की काही मेल काळ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं घेऊन येत, कारण पाठवणाऱ्यानं अक्षरांचा रंग ठरवलेला असे आणि पार्श्वभूमीचा नसे. 2025 च्या जुलैत आलेल्या 140 व्या आवृत्तीत मेलचा मजकूरही अंधाराशी जुळवून घेणारी सोय आहे, आणि एखादा मेल विचित्र दिसला तर मेलच्या वरच्या भागातल्या बटणानं ती तेवढ्यापुरती बंद करता येते. जुन्या आवृत्तीवर असाल तर थीम बदलण्यापेक्षा अपडेट करणं सोपं.

एचटीएमएलची भीती कितपत खरी?

भाच्याची भीती अगदीच हवेतली नव्हती. 14 मे 2018 रोजी म्युन्स्टर, बोखुम आणि ल्यूव्हेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'इफेल' नावाची त्रुटी जाहीर केली. कूटबद्ध केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, मेल हल्लेखोराच्या हाती लागला तर त्याला तो वाचता येत नाही. पण तो त्याच्या आधी एक अर्धवट चित्र-टॅग लावू शकतो: चित्राचा पत्ता सुरू होतो, अवतरणचिन्ह उघडतं आणि बंदच होत नाही. मागून ते चिन्ह बंद करणारा तुकडा. असा सांधलेला मेल मूळ माणसाकडे परत पाठवायचा. त्याचा प्रोग्रॅम मधला भाग इमानेइतबारे उलगडतो, तिन्ही तुकडे एकत्र शिवतो, आणि उलगडलेलं गुपित चित्राच्या पत्त्याचा भाग बनून हल्लेखोराच्या सर्व्हरकडे रवाना होतं. थंडरबर्ड आणि ॲपल मेल दोन्ही यात सापडले होते. नंतर दुरुस्त्या झाल्या.

यात फटफजिती झाली ती चित्र मागवण्याच्या वाटेवर. तक्ते, रंग, फाँट यांनी काही केलं नव्हतं. म्हणून कूटबद्ध मेल वापरणाऱ्यांनी 'प्लेन टेक्स्ट'वर राहावं असं मी म्हणेन, आणि बाकी सगळ्यांनी 'ओरिजिनल एचटीएमएल' ठेवून बाहेरची चित्रं अडवलेली ठेवावीत. सोसायटीच्या पाणीपट्टीच्या हिशेबाला गुप्तहेराचा बंदोबस्त लागत नाही.

फसवणुकीच्या मेलमधला खरा घात लिंकमध्ये असतो. लिंकवर क्लिक न करता नुसता माउस नेऊन ठेवा आणि खिडकीच्या तळाशी खरा पत्ता वाचा. शब्दांत बँकेचं नाव आणि तळाशी भलतंच काही, तर मेल उडवा. 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये फसव्या मेलची सूचना द्यायची खूण आहे, तीही चालू असू द्या.

खोलात जायचं असेल तर

'सेटिंग्ज'च्या 'जनरल' पानाच्या अगदी तळाशी 'कॉन्फिग एडिटर' आहे. काळजी घेण्याची सूचना येईल, स्वीकारा. शोधपट्टीत इंग्रजीत 'एचटीएमएल', अंडरस्कोर, 'ॲज' असं सलग टाइप करा. जी ओळ सापडेल तिच्यातला आकडा म्हणजेच 'मेसेज बॉडी ॲज': शून्य म्हणजे ओरिजिनल, एक म्हणजे साधा मजकूर, तीन म्हणजे सिम्पल. पिशवीतल्या दोन पत्रांपैकी साधं पत्र आधी निवडायचं का, हे 'प्रिफर प्लेनटेक्स्ट' नावाच्या ओळीत असतं. मेनूतून बदललं की या ओळी आपोआप बदलतात, म्हणून इथं फक्त बघा. मेनू नीट असूनही मेल विचित्र दिसत असेल, तर या ओळी ठळक दिसतात का ते तपासा. ठळक म्हणजे मूळ मूल्य बदललेलं आहे. शेजारच्या वळणदार बाणानं ते मूळ जागी येतं.

काही जण साध्या मजकुरावरच राहतात आणि क्वचित एखादाच मेल सजवलेला बघायचा असतो. त्यांच्यासाठी 'अलाऊ एचटीएमएल टेंप' नावाचं ॲड-ऑन, म्हणजे वरून बसवायचा छोटा जोड, आहे. एका बटणात तो एकच मेल एचटीएमएलमध्ये उघडतो.

मायक्रोसॉफ्टचा क्लासिक आउटलुक हा मेल प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ट्रस्ट सेंटर', 'ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज'. चित्रं अडवायची खूण 'ऑटोमॅटिक डाउनलोड'मध्ये, आणि सगळे मेल साध्या मजकुरात वाचायची खूण 'ईमेल सिक्युरिटी'मध्ये. 2007 पासून आउटलुक एचटीएमएल मेल वर्डच्या यंत्रणेतून दाखवत आला आहे, त्यामुळे एकच मेल थंडरबर्डमध्ये देखणा आणि आउटलुकमध्ये वाकडा दिसला तर तुमच्या सेटिंग्जना दोष देऊ नका.

आपण पाठवतो त्या मेलचा प्रश्न वेगळा आहे. वाचण्याच्या सेटिंग्ज बदलल्या म्हणून लिहिण्याच्या बदलत नाहीत. 'अकाउंट सेटिंग्ज'मधल्या 'कंपोझिशन अँड ॲड्रेसिंग'मध्ये एचटीएमएलमध्ये लिहायची खूण आहे. एखादाच मेल उलट प्रकारात लिहायचा असेल तर 'राइट' किंवा 'रिप्लाय' दाबताना शिफ्ट धरून ठेवा.

नवा संगणक घेताना हे सगळं पुन्हा करावं लागत नाही. 'हेल्प' मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा. तिथल्या प्रोफाइलच्या ओळीतलं बटण दाबलं की एक फोल्डर उघडतं. फाँट, रंग, सांगाड्याची निवड आणि बाहेरच्या चित्रांच्या परवानग्या सगळ्या त्यात आहेत, मेलही आहेत. थंडरबर्ड पूर्ण बंद करून ते अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. काकांचं मी त्याच दिवशी घेऊन ठेवलं. भाचा दिवाळीला परत येणार आहे.